कुत्रीला पाजलेलं माशाचं तेल

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझी मुलगी अगदीच काडी होती, म्हणून दवाखान्यातून माशाच्या तेलाच्या दोन मोठ्या बाटल्या मिळाल्या. रोज एक छोटा चमचा द्यायचा. पोरीनं पहिलाच घोट माझ्या लुगड्यावर थुंकला. एवढं औषध फेकायला जीव होईना. आमची तांबडी कुत्री तेव्हा पिलं पाजून पार रोडावली होती, आणि लोंब्या निसवलेल्या धानातून रानडुकरं हाकलायची ती तिनंच. मी ठरवलं, हिला ताकद आणायची.

घरात बैलांना औषध पाजायचं बांबूचं नळकांडं होतं. जनावर म्हटलं की औषध त्यातूनच, हे मी सासरी शिकले होते. बैल केवढा, कुत्री केवढी, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. रोज सकाळी तिचा जबडा उघडून तेल ओतायची. चार दिवसांत दोन्ही बाटल्या रिकाम्या. मग तिनं भात सोडला, ओकू लागली, सारखी पाणी मागू लागली. शेवटी पाय उचलेनात.

"सूनबाई, मरून राह्यली ते. काऊन मांगं लागतं?" सासरे म्हणाले.

"मामाजी, बंडी जुंपून द्या. नाईतं मी हिले खांद्यावर घेऊन जातो."

त्यांनी बंडी जुंपली. वडसा गावातल्या ढोरांच्या डॉक्टरांनी बाटली हुंगली. "बाई, कुत्र्याले इतकं म्हणजे जहर. कोनं पाजलं?"

"मीनंच."

हे तेल अंगात साठतं, मूत्रपिंड निकामी करतं, असं ते म्हणाले. तेल बंद, दूधही बंद, सावलीत ठेवा, पाणी भरपूर पाजा. बाकी तिचं नशीब. नशीब हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

पंधरा दिवस मी गोठ्यात ठाण मांडलं. थोड्या थोड्या वेळानं चमच्यानं पाणी, पातळ पेज. तिनं माझ्या अंगठ्यात दात रोवले. मी फडकं गुंडाळून पुन्हा जबडा उघडला. शेजारणी हसायच्या. हसोत बापड्या.

सोळाव्या दिवशी ती आपली आपण उठली. मी भाताचा घास पुढे धरला, तर शेपूट पायांत घालून मागे सरली, आणि सासऱ्यांच्या हातचा गपकन खाल्ला. मला रडूच कोसळलं.

पुढे ती पाच-सहा वर्षं जगली, डुकरांमागे धावली. पण माझा हात जवळ आला की मान फिरवायची. मी रोज तिचा भात वाढायची आणि तिनं जेवावं म्हणून लांब जाऊन बसायची.