गाण्यांतलं तमिळ आणि बोअरची गाडी

मी रीना. अहेरी तालुक्यात ग्रामसेविका आहे. सरकारने मध्यंतरी आमच्या पदाला भारदस्त नवं नाव दिलं, पण गावात मला म्याडमच म्हणतात. घरी नवरा अश्विन, तो एसटीचा ड्रायव्हर, आणि सासूबाई, बायनाबाई. त्या मूळच्या सिरोंचाकडच्या, त्यामुळे तेलुगू त्यांच्या तोंडात मराठीइतकीच. आमच्या भागात तेलुगू नुसती पसरलेली असते. बाजारात वांगी घेताना, बसमध्ये जागा धरताना, लग्नात जेवायला बसताना कानावर पडतच राहते. चौदा वर्षं मी या भागात नांदते आहे. या चौदा वर्षांत मी तेलुगू शिकले नाही. मी तमिळ शिकले. म्हणजे शिकले असं मला वाटत होतं.

सुरुवात झाली ती साडीवरचा हळदीचा डाग कसा काढायचा, या व्हिडिओपासून. डाग निघाला की नाही आठवत नाही, पण व्हिडिओच्या मागे एक बाई गात होती. तो आवाज ऐकून मी हातातला साबण तसाच ठेवून बसले. गाणं तमिळ होतं. मग फोनला माझी नस सापडली आणि तो मला एकामागून एक तमिळ गाणी वाढायला लागला. मी नाही म्हटलं नाही.

"कोण्या भाषेचं हाय व हे?" सासूबाईंनी विचारलं.

"तमिळ."

"मंग तेलगू काऊन नाई ऐकत? निदान समजलं नाई त मी सांगीन तरी."

"आई, समजलं की मजा जाते," मी म्हटलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की त्याच संध्याकाळी मी ते फेसबुकवर टाकलं.

फेसबुकवर एक गट होता, तमिळ न येणाऱ्या तमिळ गाण्यांच्या रसिकांचा. त्यात ओडिशाचे लोक होते, पंजाबचे होते, आणि आम्हाला सांभाळून घ्यायला थोडे खरे तमिळही होते. रोज कुणीतरी एक गाणं टाकायचं आणि मग त्याखाली चर्चा. गायिकेने ह्या शब्दावर श्वास कसा घेतला, व्हायोलिन कुठून आलं, मूळ चाल कुठल्या रागातली. मी हिंदीत लिहायचे, बाकीचे यंत्राकडून भाषांतर करून वाचायचे. दिवसभर घरपट्टी, नाली आणि शौचालयांचे फोटो यांत गेलेल्या बाईला तिथे कुणीतरी 'रीनाजी, आपका विश्लेषण' असं म्हणायचं. डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

माझ्या विश्लेषणाचा एक नमुना देते. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी सगळी वाद्यं थांबतात आणि बराच वेळ काहीच वाजत नाही. त्या शांततेवर मी पानभर लिहिलं. 'संगीतकार इथे सुरांनी नाही, मौनाने बोलतो.' लोकांनी बदाम दिले. पंजाबच्या एका गृहस्थांनी डोळे भरून आल्याचं कळवलं. खाली मदुराईच्या मरगदम टीचर म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, 'कौनसा मौन?' मी पुन्हा गाणं लावलं. या वेळी नेट चांगलं होतं. शांतता नव्हतीच. पहिल्यांदा आमच्या गच्चीवर गाणं अडकलं होतं, तेच मी संगीतकाराच्या नावावर जमा केलं होतं. मी टीचरना उत्तर दिलं नाही. पंजाबच्या गृहस्थांचे डोळे मात्र कशाने भरले ते मला आजही कळलेलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. माझ्याजवळ तमिळ शब्दांचा साठा झाला. चंद्र, डोळा, मोगरा, स्वप्न, काळीज, पाऊस, अश्रू. शिवाय 'ये', 'जाऊ नको' आणि 'दूर जाऊ नको'. मीठ, भात, पाणी, बस, तिकीट यांतलं काही नाही, कारण त्यावर कुणी गात नाही. पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ऑफिसात, बैठकीत, कुणी विचारो न विचारो, 'मला तमिळ येतं' असं मी सांगून ठेवलं होतं.

मग एप्रिलात माझ्या गावात बोअरची गाडी आली.

गाव अहेरीहून सिरोंचाच्या वाटेवर आहे. नाव सांगत नाही, मला तिथे अजून नोकरी करायची आहे. शाळेच्या बाजूला बोअर मंजूर झाली होती आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत पाणी लागलं पाहिजे असा सगळ्यांचा हट्ट होता. बोअरच्या गाड्या आमच्याकडे तमिळनाडूतूनच येतात. एक गाडी खोदणारी, एक कॉम्प्रेसरची. सोबतच्या एजंटला हिंदी यायचं, पण गाडी उभी करून तो कसलातरी पार्ट आणायला आलापल्लीला निघून गेला. मागे राहिला ड्रिलर मुत्तुवेल. डोक्याला टॉवेल बांधलेला, मिशीवाला, अबोल माणूस. त्याचे दोन पोरसवदा सोबती गाडीवर चढून लोखंडी दांडे जोडत होते.

सरपंच हेमराजभाऊ जयंतीसाठी शिवलेला नवा पांढरा सदरा घालून आले होते. ते म्हणाले, "म्याडम, तेलगूत बोलून पाहू का याच्यासंग? येत असंन त्याले."

"भाऊ, तेलुगू वेगळी, तमिळ वेगळी," मी म्हटलं. "तुम्ही थांबा. मले येते तमिळ."

अर्धा गाव जमला होता. त्यातल्या निम्म्या लोकांना तेलुगू येत होती. सगळे गप्प बसले, कारण म्याडम बोलणार होत्या.

मला विचारायचं होतं, पाणी लागेल का? पण पाण्याला काय म्हणतात? मी डोक्यातली सगळी गाणी चाळली. गाण्यांत अश्रू होते नाहीतर पाऊस. अश्रू बरे दिसले नसते. मी पुढे झाले आणि माझ्या आवडत्या गायिकेच्या ढंगात, शब्द जरा लांबवून विचारलं, "मळै वरुमा?"

मुत्तुवेलने माझ्याकडे पाहिलं. मग वर आभाळाकडे पाहिलं. एप्रिलचं ऊन, ढगाचा ठिपका नाही. त्याने आपल्या सोबत्यांकडे पाहिलं, पुन्हा आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवून हळूच काहीतरी पुटपुटला.

"काय म्हंते?" मागून मुखरूभाऊंनी विचारलं. हे गावातले सगळ्यात वडीलधारे.

"म्हणते, ते वरच्याच्या हाती आहे," मी सांगितलं.

"मोठा मानूस दिसते," मुखरूभाऊ म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

'पाऊस येईल का?' असं मी त्या माणसाला विचारलं होतं, आणि हा प्रश्न करायला सरकारी बाई एवढ्या उन्हात का आली असेल, या विचारात तो खोदायला लागला.

दुपारपर्यंत नुसती धूळ उडत होती. मग धूळ ओली झाली, राखाडी रंगाच्या गुठळ्या पडायला लागल्या आणि लोक उठून जवळ सरकले. यंत्राचा आवाज बदलला. मुत्तुवेलचा एक हात लिव्हरवर होता, दुसरा हात तो हवेत झटकत होता. ते झटकणं 'या' होतं की 'जा', यावर लोकांत दोन मतं पडली. मग तो ओरडला, "तळ्ळी पोंग! तळ्ळी पोंग!"

माझं काळीज फुललं. तळ्ळी! हा शब्द माझा होता. तळ्ळी म्हणजे दूर. त्याच्या पुढे 'पो', म्हणजे जा, पण होता. मी ऐकलेल्या गाण्यांत हे दोन शब्द जोडीने आले की प्रेयसीला एकच सांगणं असायचं. दूर जाऊ नको. कुणी कुणाला 'दूर जा' म्हणतं, असं मी दोन वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

मी हात वर केला आणि जोरात म्हणाले, "दूर जाऊ नका म्हणून राह्यला! जवळ या!"

लोक जवळ आले. हेमराजभाऊ सगळ्यात पुढे, कारण ते सरपंच. मुत्तुवेल आणखी जोरात ओरडला. मी आणखी जोरात भाषांतर केलं. "अजून जवळ म्हणते!"

मग जमिनीतून जे आलं ते पाणीच होतं, पण पाणी शेवटी आलं. आधी आला दगडाच्या पिठाचा चिखल, तोही हवेच्या दाबाने, आंब्याच्या झाडाएवढा उंच. तो सगळ्यांवर सारखा पडला. गावात आजवर कुठलीही योजना इतक्या समान वाटपाने पोचली नव्हती. हेमराजभाऊंचा सदरा गेला. मुखरूभाऊंच्या फक्त मिशा दिसत होत्या. मी तोंड उघडं ठेवून उभी होते, कारण माझं भाषांतर अजून संपलं नव्हतं.

यंत्र थांबलं. हेमराजभाऊंनी डोळे पुसले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुत्तुवेलला सरळ तेलुगूत विचारलं. मुत्तुवेलचा चेहरा उजळला. तो धडाधड तेलुगू बोलायला लागला. दहा वर्षं त्याने तेलंगणात बोअर खोदल्या होत्या.

"काय म्हणते, भाऊ?" मी विचारलं.

"म्हंते, सरका सरका म्हणून गळा बसला माझा. अन् विचारते का, या बाईले पावसाचं काऊन पडलं होतं?"

आधी बायका हसल्या, मग गडी, मग मुखरूभाऊ हसले आणि त्यांना ठसका लागला. मुत्तुवेल मात्र हसला नाही. त्याने डोक्याचा टॉवेल सोडला, नव्या बोअरच्या पाण्यात पिळला आणि तोंड पुसायला माझ्यापुढे धरला. मी त्याचे आभार मानायला गेले आणि लक्षात आलं की 'आभारी आहे' हेही गाण्यात नसतं.

घरी गेले तर सासूबाईंनी दारातच अडवलं. "आंगनात आंघोळ कर, घरात येऊ नको." मग सगळी हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "मले नेली असती त मी बोलली असती ना व."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गटावर एक व्हिडिओ आला. मुत्तुवेलच्या सोबत्यांपैकी कुणीतरी गाडीवरून काढलेला. तो तमिळनाडूत फिरून फिरून मरगदम टीचरपर्यंत पोचला होता. त्यांनी लिहिलं होतं, 'उत्तर भारत की एक अधिकारी महोदया. ड्रिलर कहता है हटिए, और ये लोगों को पास बुला रही हैं.' आम्ही स्वतःला नागपूरवाल्यांपुढे दक्षिणेचे समजतो, तिथे मात्र मी उत्तर भारत झाले होते. खाली हसून लोळणारे चेहरे. पंजाबच्या गृहस्थांचे डोळे पुन्हा भरून आले होते, या वेळी कारण मला कळलं.

व्हिडिओत आधी माझी पाठ होती आणि नंतर तोंडावर इतका चिखल की आईनेही ओळखलं नसतं. गटावर माझा फोटो म्हणजे मोगऱ्याचं फूल. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी अश्विनला दाखवलं. त्याने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, आणि प्रत्येक वेळी हसू दाबायला खोकला.

"काय करू?" मी विचारलं.

"सांगून टाक ना. तसंही त्यात तूच सगळ्यात चांगली दिसून राह्यली."

मी लिहिलं, 'यह मैं हूँ.' आणि फोन तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला.

थोड्या वेळाने तो वाजला. मरगदम टीचर होत्या. त्यांनी तरुणपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे बोलणं शाळेच्या पुस्तकासारखं.

"रीनाजी, क्या आपको चोट लगी?"

"नहीं, टीचर. सिर्फ इज्जत को."

"वह धुल जाती है," त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आवरेना. बाई इतक्या हसल्या की मागून कुणीतरी त्यांना पाणी आणून दिल्याचं मला ऐकू आलं. मग मीही त्या मौनाचं खरं काय ते सांगून टाकलं. त्यावर त्या आणखी हसल्या. "मुझे मालूम था," म्हणाल्या. "पर आपने इतना सुंदर लिखा था कि मैंने भी रेडियो बंद करके सुना."

तेव्हापासून त्या मला रोज एक वाक्य पाठवतात. मीठ द्या. बस पुरे. बाजूला व्हा. दूध उतू जातंय. मी भांडी घासताना म्हणत राहते. सासूबाई शेजारी बसून प्रत्येक वाक्याचं तेलुगू सांगतात, न विचारता. गंमत म्हणजे त्यांचं पाठ होतं आणि टीचरचं विसरतं.

शाळेच्या बोअरला पंप बसला. गावात मी गेले की बायका आपसात 'जवळ या, जवळ या' म्हणून हाका मारतात आणि हसून चहाला बोलावतात. हेमराजभाऊंचा सदरा काही पांढरा झाला नाही. ते तोच घालून जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालले, आणि कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवत होते.

गटावर मी अजून आहे. विश्लेषण लिहिणं कमी झालंय, हात शिवशिवतात तो भाग वेगळा. परवा कुणीतरी एक जुनं गाणं टाकलं. ऐकलं आणि खाली लिहिलं, 'ह्या गाण्यात एक बाई कुणाला तरी काहीतरी सांगते. काय ते मला कळलं नाही. भात शिजेपर्यंत तेच ऐकत होते. भात थोडा लागला.'

फारसं कुणी फिरकलं नाही. टीचरचा एक बदाम आला. आणि त्याखाली अश्विनचा. हा माणूस गटात कधी शिरला मला ठाऊक नव्हतं. त्याने मराठीतच लिहिलं होतं, 'थोडा नाई, बराच लागला होता.'