उसवलेली टोपी

मालवणात लोकरीचं विणकाम करणारी बाई म्हणजे गावाला फुकटची करमणूक. इथे पौषातसुद्धा पंखा बंद केला की अंगाला घाम सुटतो, आणि मी पडवीत बसून कानटोप्या विणते. लग्नाआधी कोल्हापूरला मावशीकडे राहत होते, तिथे हे खूळ लागलं ते सुटलंच नाही. शाली, मोजे, टोप्या घाटावरच्या नातेवाइकांना वाटायच्या, उरलेलं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवायचं. मासे घेऊन येणारी बाईसुद्धा पाटी उतरवता उतरवता विचारायची, "ह्या कोणाक गो? बांगड्यांक थंडी वाजता काय?"

माझे यजमानही हसायचे, पण मदत करता करता. बंदराजवळ त्यांचं दोर आणि जाळ्यांचं दुकान होतं. दुपारी जेवण झालं की लोकरीची लडी दोन्ही हातांवर अडकवून ते माझ्यासमोर बसायचे आणि मी गुंडा करायचे. मध्येच त्यांना डुलकी लागायची, हात खाली यायचे, गुंता व्हायचा आणि मी कावायचे. माझ्या हातचं त्यांनी कधी काही अंगावर घातलं नव्हतं. या उकाड्यात घालणार तरी कधी?

मग त्यांना कॅन्सर निघाला. कोल्हापूरला उपचार सुरू झाले आणि केस गेले. मी निळ्या लोकरीची टोपी विणली, आतून कुठे गाठ टोचणार नाही अशी. एकदाचं घरातल्या माणसाच्या उपयोगाचं काही विणतेय याचा मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची शिसारी आली.

फोंडाघाट चढून गाडी वर लागली की ते टोपी घालायचे. पुढे पुढे घरीही काढेनात. भेटायला माणसं यायची, आणि बोडकं डोकं त्यांना कुणाला दाखवायचं नसायचं. कानामागून घामाचे ओघळ यायचे.

"काढा आता, किती उकडता," मी म्हणायचे.

"ऱ्हांव दे गो. तू केलंस मां?"

टोपीला त्यांच्या घामाचा आणि खोबरेलाचा वास लागला होता. गेले तेव्हाही ती डोक्यावरच होती. आंघोळ घालताना कुणीतरी काढून खिडकीत ठेवली. मी ती उचलून विणकामाच्या पिशवीत खुपसली.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वापरातलं काही घरात ठेवत नाहीत. कपडे, उशी, चपला, सगळं बाराव्याच्या आत बाहेर काढतात, नाहीतर जीव त्यात अडकतो म्हणतात. ते काम माझ्या थोरल्या जावेने अंगावर घेतलं होतं. त्या दिवसांत घरही तीच सांभाळत होती, मला भरवतही तीच होती. गाठोडं बांधताना तिच्या हाताला माझी पिशवी लागली आणि आतून टोपी निघाली.

"ही हंय कित्याक? ठेवूची नसता गो. जीव अडाकता तेचो."

"अडकां दे," मी ओरडलेच.

ती रागावली नाही. "तेका पुढे जावंक व्हया. तू आडवू नको," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मला ते जायलाच नको होते. पण तिच्या हातातून टोपी हिसकावून घ्यायचीही हिंमत होईना.

"वयनी, टोपी नको. नुसती लोकर ठेवलंय तर?"

तिने टोपी उलटीपालटी करून पाहिली. मग ती माझ्या मांडीवर ठेवली.

टोपी शेंड्याकडून उसवते. मी टोक शोधलं आणि ओढलं. एकेक ओळ सुटत गेली, वाकडी, कुरळी. जाऊ बघत उभी होती. मग समोर बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. मी त्या हातांवर लोकर गुंडाळत गेले. तिचे हात एकदाही खाली आले नाहीत. मला ते खाली यायला हवे होते.

उसवलेल्या लोकरीतले वळसे धुतल्याशिवाय जात नाहीत. मी लडी धुतली नाही. तशीच पत्र्याच्या डब्यात ठेवली. कधीमधी डबा उघडायचे, नाकाशी धरायचे आणि बंद करायचे. जाऊ बघायची आणि आपल्या कामाला लागायची.

श्रावणात एकदा डबा उघडला तर लोकरीवर पांढरी बुरशी. कुबट वास, ओल्या गोणपाटाला येतो तसा. त्याखाली त्यांचा वास कुठे लागतोय का म्हणून मी पुन्हा पुन्हा हुंगत राहिले. शेवटी जावेने डबा हातातून घेतला आणि कोमट पाणी आणून दिलं.

बाहेर ऊन नव्हतं. धुतलेली लडी चुलीवरच्या दांडीला वाळत घातली. वाळली तेव्हा एकही वळसा राहिला नव्हता. दुकानातून आत्ताच आणल्यासारखी सरळ झाली होती. आता तिचं काहीही विणता आलं असतं, कुणासाठीही.