वजिरापुढचं प्यादं आणि आपटेकाका

बुद्धिबळाचं एक आहे. खेळलेला डाव आठवड्यात विसरला जातो, पण डावावर कोण काय बोललं ते जन्मभर लक्षात राहतं! बँकेने माझी कोलकात्याला बदली केली, त्याला तीन वर्षं झाली. बालीगंजला आपटेकाकांच्या फ्लॅटवर दर रविवारी सकाळी आमचा अड्डा जमतो. मी जिंकलेले डाव फारसे नाहीत. किस्से मात्र पोतंभर!

काका जन्माने कोलकात्याचेच, गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्या घरी पांढरी मोहरी घेणाऱ्याने डावाची सुरुवात वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवूनच करायची. म्हणजे डी-फोर. "राजापुढचं प्यादं आधी हलवणारा माणूस उतावळा असतो!" विषय संपला.

*

डी-फोरनंतरच्या लंडन सिस्टीम नावाच्या मांडणीला काका "पेन्शनरांची ओपनिंग" म्हणायचे. स्वतः पेन्शनर असून! मग जगातले अव्वल खेळाडू ती खेळायला लागले आणि काकांचं मत आठवड्यात बदललं. हिच्यात समोरचा काहीही करो, आपण आपली ठरलेली मांडणी करत जायचं. काका ती इतक्या निष्ठेने करायचे, की समोरच्याच्या चालीकडे बघायचेच नाहीत.

आमचे तपनदा बराकपूरहून येतात, पेशाने इंजिनिअर. त्यांनी गंमत म्हणून एकदा आपला वजीर सरळ काकांच्या उंटाच्या तोंडी दिला. काकांनी शांतपणे एक प्यादं सरकवलं.

"आपटेदा, वजीर फुकट होता!"

"असेल. सिस्टीममध्ये तो घ्यायचा नाहीये."

*

या तपनदांनी कॅटलान ओपनिंगचा ऑनलाइन कोर्स केला. बावीस चाली तोंडपाठ! पहिला प्रयोग अड्ड्यातल्याच सुलभावहिनींवर. वहिनींचे मिस्टर रेल्वेत, क्वार्टर गार्डन रीचला. वहिनींनी थिअरीचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. चौथ्याच चालीला त्यांनी घोडा भलतीकडे ठेवला. तपनदा पाऊण तास पटाकडे बघत बसले.

"इथे घोडा येतच नाही!" शेवटी ते कळवळून म्हणाले.

"आलाय की," वहिनी म्हणाल्या.

*

काकांनी शाळेत वर्षानुवर्षं मुलांना बुद्धिबळही शिकवलं. नियम एकच : मोहरी बाहेर काढायच्या आधी कडेच्या हत्तीपुढचं प्यादं पळवायचं नाही. पळवलं की वर्गाबाहेर!

आता चाली सुचवणाऱ्या कॉम्प्युटर इंजिनांचं राज्य आलं. डी-फोरच्या डावात तिसऱ्याच चालीला तेच कडेचं प्यादं पळवायची चाल मोठमोठे खेळाडू खेळू लागले. एका रविवारी काकांचा जुना विद्यार्थी, आता टक्कल पडलेला डॉक्टर, हातात मोबाईल घेऊन आला.

"सर, ह्याच चालीसाठी तुम्ही मला बाहेर उभं केलं होतंत!"

काकांनी चष्मा लावून स्क्रीन नीट बघितली.

"बरोबर केलं. तेव्हा ती चूक होती."

*

एकदा काका आणि तपनदा दोघंही घरून तयारी करून आले. इंजिन एकच, चालींची लाइनही एकच. फटाफट पंचवीस चाली झाल्या, दोघांनी हात मिळवले. बरोबरी! दोघांच्याही चेहऱ्यावर अपार समाधान.

वहिनींनी विचारलं, "मग नुसते मोबाईलच समोरासमोर ठेवायचे होते ना?"

*

मागच्या पावसाळ्यात काकांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, पण बोलेनात. डोळे छताला लागलेले. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी नाव विचारलं. उत्तर नाही. वार विचारला. नाही. काकूंकडे बोट दाखवून, "ह्या कोण?" काका गप्प. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला तर तिथे उभं राहवेना.

तपनदा पुढे झाले. काकांच्या कानाशी वाकून त्यांनी हळूच म्हटलं, "आपटेदा... डी-फोर."

काही नाही. तपनदांनी डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाले, "डी-फोर, आपटेदा."

काकांची मान अगदी सावकाश वळली. ओठ हलले. आम्ही सगळे वाकलो.

"मागच्या रविवारीही पांढरी तूच घेतली होतीस!"