गाळणीसाहेबांची दुसरी वेलांटी

चार जून रोजी पेन्शन कार्यालयाने संगणक विभागातल्या एका गृहस्थांना, नवे वेबपान केल्याबद्दल, तीन हजार सातशे पन्नास रुपयांचे बक्षीस दिले. त्या दिवसापासून सहकारी त्यांना गाळणीसाहेब म्हणू लागले. साहेबांना ते कौतुक वाटे.

कर्तबगारी ती काय? पानावर परिपत्रकांच्या आणि अर्जांच्या हजारभर लिंका होत्या. साहेबांनी वर एक चौकट ठेवली आणि चार ओळींचे जावास्क्रिप्ट खरडले. चौकटीत टाइप केलेली अक्षरे ज्या लिंकच्या नावात जशीच्या तशी सापडतील ती राहते, बाकीच्या गायब. हीच ती गाळणी, म्हणजे फिल्टर. एवढ्यावर थांबते तरी चालले असते. पण "पान कसं मोकळं दिसलं पाहिजे" म्हणून चौकट रिकामी असताना त्यांनी सगळी यादीच लपवली. खाली सरकवत शोधायचीही सोय राहिली नाही.

माणूस मुळातच अंगाला काही लावून न घेणारा. लहानपणी कप हे फोडायचे आणि बोलणी थोरली बहीण खायची. ती ताई आता रुग्णालयातून निवृत्त झालेली, एकटी. वर्षाचा अर्ज मुदतीत गेला नाही तर तिची पेन्शन तीन महिने बंद राहणार होती.

"अरे, अर्ज आला नाही का अजून? रोज 'काही सापडले नाही' असंच येतंय," ताईने फोनवर विचारले.

"नाही म्हणतंय म्हणजे नाही. माझं फिल्टर खोटं बोलत नाही, ताई."

दोन टेबले ओलांडून विचारायचे कष्ट साहेबांनी घेतले नाहीत. मुदत संपली. मग कार्यालयाच्या खिडकीवर ताईला कळले, अर्ज महिनाभर पानावर आहे. ती तडक आत भावाच्या टेबलापाशी आली.

"टाक बघू माझ्यासमोर," साहेब म्हणाले. "एकेक अक्षर, सावकाश."

एरवी ती फोनने सुचवलेला अख्खा शब्द टाकी. आज "निवृत्त" एवढे लिहिताच अर्ज समोर आला. पुढे दुसरी वेलांटी दिली आणि तो नाहीसा झाला.

"अगं बाई! होता की आत्ता!"

"नाव 'निवृत्तिवेतन' आहे. पहिली वेलांटी. तू दुसरी दिलीस."

"मग दोन्ही धरायला तुझ्या बापाचं काय जात होतं?" ताई कडाडली. बाप दोघांचा एकच होता, हे तिच्या मागाहून लक्षात आले.

"धरता येतात गं. एका ओळीचं काम आहे. पण लोकांनी शुद्ध लिहायला नको?"

ती ओळ त्यांनी त्या दिवशी लिहिली नाही, नंतरही नाही. ताईची पेन्शन तीन महिने थांबली. उशिराचा आकार दोनशे दहा रुपये. "तू भर, मी देतो," साहेब म्हणाले होते. ताईने भरले. साहेबांनी ते अजून दिलेले नाहीत.