उजवीकडचा काटा

काका गुरुवारी सकाळी गेले. दुपारी काकूंनी त्यांच्या मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात दिली.

किल्ली हातात आली आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला. “सर, काटा बघा, काटा.”

हा काटा गाडीच्या दिव्यावर बसवलेल्या, घड्याळासारख्या दिसणाऱ्या छोट्या तबकडीत होता. बॅटरी भरत असली की तो उजवीकडे जायचा, रिकामी होत असली की डावीकडे. गाडी काकांच्या लग्नाच्याही आधीची. बॅटरी उतरली की इंजिन बंद. त्यामुळे काकांच्या मागे बसणाऱ्याला एकच काम असायचं. त्यांच्या खांद्यावरून वाकून काटा कुठे आहे ते सांगत राहायचं. त्यांचा शेजारी म्हणून हे काम मी पुष्कळ केलं आहे. वाचनालयातल्या नोकरीनं माझी नजर अधू झाली, पण तो काटा मला अजूनही लांबून दिसतो.

काका पाट्या रंगवायचे. भोरच्या बाजारातून तुम्ही कधी गेला असाल, तर त्यांचं अक्षर तुम्ही नक्की वाचलं आहे. संध्याकाळी डब्यात रंग उरला की त्यांचा हात थांबत नसे. आमच्या गल्लीतल्या खिडक्या, तुळशीवृंदावनं, पाण्याचे पिंप, सगळ्यांना त्यांचा ब्रश लागलेला आहे. माझ्या पत्रपेटीवर मी घरी नसताना एक मोर उमटला होता.

“इचारलं बी न्हाई,” मी त्यांच्याच बोलीत तक्रार केली.

“इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता,” ते म्हणाले.

दसऱ्याला गाडीची पूजा असायची. आदल्या दिवशी काका ती धुवायचे, खोलायचे आणि नखशिखांत रंगवायचे. मग काकू हळदकुंकू वाहायच्या. दिवाळीत भाऊबीजेला दोघं त्याच गाडीवर काकूंच्या माहेरी, वेल्ह्याकडे निघायची, आणि दरवर्षी गाडी वाटेत बंद पडायची. एकदा नसरापूरला, एकदा मार्गासनीच्या पुढे. दिवाळीनंतर गॅरेजवाला सगळं उघडून, घासूनपुसून जोडून द्यायचा. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत ती तक्रार करत नसे.

एका वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी काकूंच्या भावाचा फोन आला. काकांनी मोबाईल स्पीकरवर ठेवला होता.

“दाजी, टेम्पो कुठं पाठवू? नसरापूरला का आणखी अलीकडं?”

काकांनी फोन बंद केला. काकू दारात उभ्या होत्या.

“अवो, गेल्या साली नव्या लुगड्यात म्या गाडी ढकलली. औंदा वाटंत बसवलंत, तर भंगारवाल्याला म्या सोता हाक मारीन. शप्पथ घेऊन सांगते.”

काकू शपथ सहसा घेत नसत. काकांनी लगेच बाह्या वर केल्या आणि मला हाक मारली.

ओट्यावर पाने, पोपटपाने अशी सगळी हत्यारं मांडली गेली. काकांनी डायनामोचं झाकण काढलं, आतला वीज उचलणारा कोळसा पुसला, इंजिन चालू करून एक सुटा बल्ब तारेनं जोडला. बल्ब लख्ख पेटला.

“म्हंजे वीज तयार व्हती. मंग जाती कुठं?”

तारा तपासल्या, शाबूत निघाल्या. बॅटरीची टोकं घासली. मी काट्याकडे बघत होतो.

“डावीकडेच,” मी म्हणालो.

“नीट बघा.”

“नीटच डावीकडे.”

काकू चकल्यांची ताटली घेऊन आल्या. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “दसऱ्यापतोर तर लई गुणाची असती. रंग लावला की फुगून बसती. हिला तुमचा रंग सोसत न्हाई.”

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी चकली ताटलीत परत ठेवली आणि सीट काढली. सीटखाली रेग्युलेटरची डबी असते, डायनामोची वीज तिच्यातून बॅटरीकडे जाते. त्या डबीच्या पायाला गाडीचं उघडं लोखंड लागावं लागतं, नाहीतर बॅटरी भरत नाही. काकांनी बोल्ट काढून डबी उचलली. खाली हिरवा रंग, त्याच्या कडेला जुने शेंदरी आणि काळे थर. गॅरेजवाला दर दिवाळीनंतर खरवडायचा ती जागा काका दर दसऱ्याला पुन्हा झाकत आले होते.

“मीच हिचा गळा दाबतोय व्हय इतकी वर्सं?” ते हळूच म्हणाले.

पाट्यांवरचा जुना रंग काढायच्या पत्तीनं त्यांनी रुपयाएवढी जागा खरवडली, लोखंड चमकेपर्यंत. डबी बसवली, किक मारली. काटा थरथरला आणि उजवीकडे गेला.

“उजवीकडे!” मी ओरडलो. काकूंनी बोटाला लागलेलं चकलीचं पीठ त्याच हिरव्या टाकीला पुसलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आली. भर उन्हात गाडीचा दिवा चालू ठेवून काकांनी बाजारातून तीन फेऱ्या मारल्या. मागे बसलेल्या काकू ओळखीच्या दुकानदारांना सांगत होत्या, “टेम्पो तितंच हुबा ऱ्हायला!”

पुढच्या दसऱ्याला काकांनी गाडी निळी केली. बोल्टाखालची तेवढी जागा मात्र त्यांनी सोडली. ज्याच्या ब्रशच्या तावडीतून माझी पत्रपेटी सुटली नाही, त्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे गल्लीत मला आणि काकूंना कळत होतं.

आता गाडी माझ्याकडे आहे. भाऊबीजेला मी काकूंना वेल्ह्याला नेतो. घाटातल्या वळणांवर त्या माझ्या खांद्यावर थाप मारून विचारतात, “काटा?”

काटा उजवीकडे असतो. बोल्टाखाली रुपयाएवढ्या जागेला रंग नाही.