नथ्थूची डावी भिवई

“हे आमचे बुढे नाईत,” म्हातारी म्हणाली आणि तिनं फोटो टेबलावर पालथा घातला.

त्या फोटोत माझी सगळी मेहनत होती. मी तेव्हा अमरावतीत, राजापेठेतल्या एका स्टुडिओत डार्करूमचं काम करायचो. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण अंधारात तिचं काम पडत नाही.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. गावातल्या एका जुन्या फुटबॉल क्लबले आपल्या पहिल्या टीममधल्या नथ्थूचा मोठा फोटो भिंतीवर लावायचा होता. नथ्थू अनवाणी खेळायचा आणि बूटवाल्या गोऱ्यांना दमवायचा, असं जुने लोक सांगत. तो जाऊन जमाना झाला होता. क्लबात टीमचा एक ग्रुप फोटो होता, खाली नावं लिहिलेली. उभे, डावीकडून दुसरा, नथ्थू. मी त्या फोटोचा फोटो काढला आणि तो दुसरा माणूस एकटा मोठा केला. याले एन्लार्जमेंट म्हणतात. रविवारी त्यावरचा पडदा नथ्थूच्या बायकोनं उघडायचा होता. तीच ही अंजनाबाई, अकोल्याहून आलेली.

क्लबचे सेक्रेटरी वकील होते. ते म्हणाले, “आजी, खाली नाव लिहिलं आहे.”

“लिहिणाऱ्यानं संसार केला का त्यायच्यासंगं?”

तिनं ग्रुप फोटो ओढला आणि दुसऱ्या टोकाले बोट ठेवलं. उजवीकडून दुसरा. “हे पाहा. हे आहेत.” मग फोटो डोळ्यांजवळ नेला. “पन भिवई...”

तिनं सांगितलं, नथ्थूची डावी भिवई बुटाच्या लाथेनं फाटली होती. तिथं पुन्हा केस आले नाहीत. फोटोतल्या माणसाची भिवई फाटलेली होती, पण उजवी.

“मंग झालं,” वकील म्हणाले. “तुमीच म्हनता डावी. इथं उजवी. इतक्या वर्षांत विसरतो माणूस.”

म्हातारीनं फोटो खाली ठेवला. “घरी त्यायचा एकबी फोटो नाई, भाऊ. चेहरा डोक्यातच ठेवला होता. आता तोबी चुकला म्हना.”

वकील मले म्हणाले, “हाच लावायचा. फ्रेम करून टाक.”

मी ग्रुप फोटो घेऊन जेवायले घरी गेलो. माझी बायको वच्छला एका शिंप्याची काज-बटनं घरी करायची. वाढता वाढता तिनं फोटोत डोकावलं. मधल्या खुर्चीवर क्लबचे अध्यक्ष, कोट घालून.

“या बाप्यानं बायकोचं पोलकं घातलं का?”

“काहून?”

“बटनं पाहा ना. बाप्यायची उजव्या अंगाले असतात, याची डाव्या. अन् वरचा खिसा उजवीकडे. कोन्त्या शिंप्यानं शिवला हा?”

माझा घास हातातच राहिला. ती म्हणाली, “जेवा आधी. तो कुठी पळत नाई.”

फोटोच्या पाठीवर अकोल्याच्या एका स्टुडिओचा शिक्का होता. सकाळच्या बसनं गेलो. त्या काळी निगेटिव्ह काचेची असायची. एका बाजूनं चकचकीत काच, दुसऱ्या बाजूले मसाला, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो थर. मसाल्याची बाजू कागदाकडे ठेवून छापायचं. काच पालथी पडली की सगळं आरशासारखं उलटं येतं. चेहरा चेहराच दिसतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्टुडिओवाल्यानं माळा दाखवला. “काचा पाह्यजे तेवढ्या पाहा. उंदरायले मात्र हात लावू नका, ते घरचे आहेत.”

दुपारपर्यंत शिंकलो. शेवटी काच सापडली. वरच्या लिफाफ्यावर टीमची नावं होती, क्लबात होती तशीच, त्याच क्रमानं. काच सुलटी करून खिडकीसमोर धरली. अध्यक्षांचा खिसा डावीकडे आला. बटनं बाप्याची झाली. आणि डावीकडून दुसऱ्या माणसाची डावी भिवई फाटलेली.

नावं बरोबर होती. म्हातारी बरोबर होती. फक्त छापणाऱ्यानं काच पालथी ठेवली होती, आणि सगळी टीम एवढी वर्षं एकमेकांच्या नावानं भिंतीवर उभी होती.

स्टुडिओवाल्याले काच मागून आणली आणि वकिलांच्या हाती दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, कोटाकडे पाहिलं, मग भिवईकडे.

“मंग आपन मोठा केला तो कोन?”

“यादीप्रमाणं तुमचा गोलकीपर.”

“अरे बाप. आजोबा सांगत, याच्या पायाखालून कुत्रंबी गोल करून जाय.” त्यांनी काच जपून टेबलावर ठेवली. “पुन्हा छाप. अन् आजीसाठी एक लहान कॉपीबी काढ. माफी मी मांगतो.”

रविवारी पडदा उघडला. अंजनाबाईनं टाळ्या थांबायची वाट पाहिली नाही. पुढं होऊन फ्रेमच्या काचेवरून भिवईवर बोट फिरवलं.

“आली जागेवर,” म्हणाली.

लहान कॉपी तिनं लुगड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि अकोल्याच्या गाडीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, असं पोचवायले गेलेल्या वकिलांनीच मले सांगितलं.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. फोटोतला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्यासंगं राहिलेल्याले आधी विचारावं. खालचं नाव नंतर वाचावं.

वच्छला औंदा गेली. जाताना बटनाचा डबाही जागच्या जागी ठेवून गेली. तिचा जुना फोटो पोरानं मोठा करून आणला. खिळा ठोकायच्या आधी मी तिचं नाक पाहिलं. चमकी डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी होती. मग लावला.