वहिनीची हिरवी टाकी

ही फजिती मी माझ्या विद्यार्थ्यांना आजवर सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते, पण चहा संपेपर्यंत हसायचं नाही!

तो मंगळवार अगदी साधा होता. गोव्यातल्या प्रयोगशाळेत मी समुद्राच्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवून बसले होते. माझं कामच ते. समुद्रात कधीकधी सूक्ष्म शैवाल एकाएकी माजतं, पाणी लाल नाहीतर हिरवं होतं, मासे मरतात, शिंपल्या खाणारी माणसं आजारी पडतात. ते का माजतं, हे शोधण्यात माझी पंचवीस वर्षं गेली.

फोन वाजला. जसोंडीहून, म्हणजे माझ्या माहेरच्या गावाहून, तिथल्या शेजारचे पुंडलिककाका.

"बेटा, बुरा मानू नको. तुझी वहिनी शेवाळ खाते."

"काय खाते?"

"शेवाळ! मागच्या अंगणात टाकी आहे, हिरवंगार पाणी. रोज सकाळी कपड्यातून गाळते अन् वर राहिलेला चिखल ताकात कालवून पिते! मी म्हटलं, सूनबाई, ये क्या है? तर नुसती हसते. तुझा भाऊ गेल्यापासून... तू समजून घे."

दादाला जाऊन आठ महिने झाले होते. मी समजून घेतलं. नको तेवढं समजून घेतलं!

आता तुम्हीच सांगा, हिरव्या पाण्यात कोणकोणती विषं असतात हे जिला पाठ आहे, तिनं काय करावं? काही यकृत खराब करतात, काही श्वास थांबवतात. वहिनीला फोन केला असता तर ती म्हणाली असती, काही नाही हो. म्हणून न कळवताच निघाले. रेल्वेनं बुऱ्हाणपूरला उतरले, ऑटो केली, गुरुवारी दुपारी जसोंडीत हजर. दार ओढलेलं. वहिनी बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात गेली होती.

मागे गेले. विटांची कड, आत ताडपत्री आणि वीतभर खोल, गर्द हिरवं पाणी. वर सावलीची जाळीसुद्धा! किती जपलं होतं बाईनं आपलं विष!

माझ्या पिशवीत छोटा मायक्रोस्कोप होता. 'आधी बघा, मग बोला', हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी बजावते. आणि मी स्वतः काय केलं? बाह्या वर सारल्या, एका कडेच्या विटा काढल्या आणि ताडपत्री खाली दाबली.

पाणी जे सुटलं, ते थेट गल्लीत.

"गुरं लांब घ्या! कुणी पाय घालू नका! जहर आहे!"

समोरच्या घरानं म्हैस सोडली ती थेट स्वयंपाकघरात नेली. काका खाटेवर चढून उभे. "मी बोललो होतो ना? बोललो होतो ना?"

"सायंटिस्ट आहे आपली पोरगी," कुणीतरी म्हणालं. खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं मला. समुद्र नाही तिथल्या माणसाला ही विद्या काय कामाची, असं गाव मला इतकी वर्षं विचारत होतं.

तेवढ्यात वहिनी ऑटोतून उतरली. तिनं हिरव्या ओहोळाकडे बघितलं, खाटेवरच्या काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नणंदबाई, माझं पीक कुणी सोडलं?"

"पीक?"

"स्पिरुलिना. वाळवून पूड करते, इतवाऱ्यातला दुकानदार घेतो. उद्या गाळायचं होतं."

मी मुकाट्यानं तळाशी उरलेला एक थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला. स्प्रिंगसारखी नाजूक वेटोळी! पहिल्या वर्षाच्या पोरानंही झोपेत ओळखली असती.

"हे... हे खातात," मी म्हणाले.

"हो का? बरं झालं सांगितलंत!"

काका काही खाली उतरायला तयार नव्हते. "पक्कं ना, बेटा?"

वहिनी इतकी हसली की पायरीवरच बसली. मग हसू ओसरलं. रिकाम्या ताडपत्रीकडे बघत म्हणाली, "यांनी लावलं होतं. तुमच्याकडूनच शिकून."

"माझ्याकडून?"

"फोनवर नाही का विचारायचे? उजेड किती लागतो, ढवळायचं किती, ऊन जास्त झालं तर काय होतं? तुमचं ऐकूनच ही जाळी बांधली. तयार माल हातात ठेवून तुम्हाला चकित करायचं होतं त्यांना."

दादा विचारायचा खरा. दर रविवारी. मला वाटायचं, चला, घरात एकाला तरी माझ्या संशोधनात रस आहे. मग मी तासभर समुद्रावर भाषण झोडायचे.

नशीब, फडताळातल्या बरणीत वहिनीनं थोडं बियाणं राखलं होतं. भरपाई म्हणून मी रजा वाढवली आणि दोघींनी एकेक बादली लावली. आठ दिवसांत तिची बादली गर्द हिरवी. माझी पिवळी पडली, मग पांढरी. काका रोज येऊन दोन्हींत डोकावायचे आणि माझ्याकडे दयेनं बघायचे.

"नणंदबाई," वहिनी म्हणाली, "तुमच्या समुद्रात तुम्हीच का नाही हो हात घालून बघत? सगळं आपोआप मरेल."

दादा ते सगळं कशासाठी विचारतोय, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही.